सगळ्यालाच ‘माफी’ कशाला लिहिता?

माननीय संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरची मी जुनी वाचक, इंदूरला रामबागेत राहते. पूर्वी पेपर एक दिवस शिळा होऊन यायचा, आता सकाळी चहाबरोबर मोबाईलवरच येतो, त्यामुळे चुका पण ताज्या ताज्या वाचायला मिळतात. रागावू नका, पण इंग्रजी बातमीत पार्डन असो, रेमिशन असो, कम्युटेशन, एमनेस्टी, वेव्हर, राइट ऑफ, कंडोन, रिग्रेट काहीही असो, तुमच्या डेस्कवरनं बाहेर पडताना सगळ्याची एकच ‘माफी’ होते. कॉलम अरुंद, हेडलाइनला छोटा शब्द लागतो, सगळं मान्य. पण या प्रत्येक शब्दामागे वेगळा कागद असतो आणि त्या कागदाने माणसाचं वेगळं काहीतरी होतं, ते वाचणाऱ्याला कळतच नाही.

हे मी का सांगतेय तर हायकोर्टाच्या इंदूर खंडपीठाजवळ एका वकीलसाहेबांच्या ऑफिसात मी बरीच वर्षं टायपिंग आणि ट्रान्सलेशन केलं. ऑर्डर इंग्रजीत, पक्षकाराला समजवायची हिंदीत आणि घरी येऊन आईला त्यातली गंमत मराठीत. एकदा देवासकडची एक बाई आली होती, तिचा मुलगा जन्मठेपेत. पेपरचं कात्रण चार घड्या घालून प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पदराच्या गाठीत. वर लिहिलेलं, २६ जानेवारीनिमित्त कैद्यांची सजा माफ. तिने मुलासाठी घरात खोली सारवून ठेवली होती. प्रत्यक्षात त्या ऑर्डरने शिक्षेतले काही दिवस कमी झाले होते, बस. वकीलसाहेबांनी दोन वाक्यात सांगितलं आणि ते कोर्टात निघून गेले, पुढचं तिला मलाच समजवावं लागलं. कात्रण हिंदी पेपरचं होतं, पण अशा बातम्यांत मराठी पेपरांची हेडलाइन काही वेगळी नसते.

राज्यघटनेत कलम ७२ राष्ट्रपतींसाठी आणि १६१ राज्यपालांसाठी आहे, आणि तिथे हे शब्द एकाला एक लावून मुद्दाम वेगळे ठेवलेत. पार्डन म्हणजे खरी क्षमा, शिक्षाही जाते आणि दोषाचा ठपका पण पुसला जातो. कम्युटेशन म्हणजे शिक्षेचा प्रकार बदलून ती हलकी होते, फाशीची जन्मठेप होते, माणूस आतच राहतो. रेमिशनमध्ये शिक्षेचा प्रकार तोच, फक्त मुदत कमी होते, दोषी तो दोषीच. रिप्रीव्ह म्हणजे तात्पुरती थांबवणूक, दयेचा अर्ज पडून आहे तोवर फाशी नाही एवढंच. आणि रेस्पाइट म्हणजे एखाद्या खास कारणाने, समजा बाई गरोदर आहे, म्हणून ठरल्यापेक्षा सौम्य शिक्षा. आणि मराठीत शब्द नाहीत असं तर बिलकुल नाही हो, घटनेच्या मराठी प्रतीत त्या कलमाच्या मथळ्यातच क्षमा, सूट, सौम्य करणे, निलंबित करणे असं सरळ सरळ लिहिलंय. ‘सूट’ तर ‘माफी’पेक्षा छोटा शब्द आहे, कॉलममध्ये आणखी आरामात बसेल!

नानावटी खटला (नौदलातल्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या तो) तर मराठी वाचकांना तोंडपाठ असतो, त्याच्यावर जाड जाड पुरवण्या निघाल्यात. त्यात हे सगळे टप्पे एका माणसाच्या आयुष्यात दिसतात. १९५९ मध्ये ज्युरीने निर्दोष ठरवलं, मग हायकोर्टाने १९६० मध्ये जन्मठेप दिली, त्याच दिवशी राज्यपालांनी शिक्षा निलंबित केली (ही माफी नाही, निलंबन आहे, आणि त्यावरून सुप्रीम कोर्ट आणि राज्यपाल यांच्यात केवढा वाद झाला). सुप्रीम कोर्टाने नंतर सांगितलं की आमच्यापुढे अपील असताना राज्यपालांना असं करता येणार नाही. १९६१ मध्ये जन्मठेप कायम झाली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी पार्डन दिला, ही खरी माफी. १९६० ला पण ‘माफी’ आणि १९६४ ला पण ‘माफी’ लिहिलं तर मधली चार वर्षं वाचकाला कशी समजणार सांगा.

अलीकडचं बघायचं तर गुजरातचं २०२२ चं बिल्किस बानो प्रकरण. १५ ऑगस्टला गोध्रा सबजेलमधून ११ जण बाहेर आले, ते रेमिशनवर. राज्याच्या १९९२ च्या धोरणाखाली शिक्षेत सूट मिळाली होती. पेपरांत काय, माफी, माफी, माफी. मग ८ जानेवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने ती ऑर्डर रद्द केली आणि दोन आठवड्यात परत जेलमध्ये हजर व्हा म्हणून सांगितलं, तेव्हा आमच्या कॉलनीत एक काका विचारत होते की अहो दिलेली माफी परत कशी घेतात? प्रश्न अगदी बरोबर होता, कारण त्यांनी ‘माफी’ वाचलं होतं. खटला मुंबईत चालला होता म्हणून सूट द्यायची की नाही हे ठरवायचा अधिकार महाराष्ट्र सरकारचा, गुजरातचा नाही, हा त्या निकालातला मोठा मुद्दा. महाराष्ट्राशी एवढा थेट संबंध असलेली गोष्ट मराठी पेपरात नीट यायला नको का? पॅरोल आणि फर्लोचं पण तेच, महाराष्ट्राच्या जेलच्या कागदांत अभिवचन रजा आणि संचित रजा असे चांगले दोन शब्द आहेत, बातमीत मात्र ‘जेलमधून सुटका’. अहो रजा आहे ती, परत जायचंय त्याला!

कोर्टाच्या बाबतीत एक गंमत सांगते. आमच्याकडे मध्य प्रदेशात दोन पार्ट्यांनी आपसात मिटवलं की त्याला ‘राजीनामा’ म्हणतात, लोक अदालतीत तर दिवसभर ऐकू येतं, राजीनामा हो गया साहब. पुण्याहून नवीन लग्न होऊन आलेल्या माझ्या भाचेसुनेने विचारलं होतं, आत्या, दिराचं भांडण मिटलं तर सासऱ्यांनी नोकरी का सोडली? या राजीनाम्याला इंग्रजीत कंपाउंडिंग म्हणतात. ठरावीक गुन्ह्यांतच करता येतो, आणि एकदा झाला की कायद्याने आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरतात, मग मनातून माफ केलंय की नाही हे कोणी विचारत नाही. सही केली, बाहेर येऊन एकमेकांकडे बघितलं पण नाही, असे कितीतरी राजीनामे मी स्वतः टाइप केलेत.

आता पैशाकडे येते, कारण इथे तर या एका शब्दाने लोकांची डोकी फिरतात. बँकेने कर्ज ‘राइट ऑफ’ केलं म्हणजे जुनं बुडीत कर्ज स्वतःच्या ताळेबंदातून बाजूला काढलं, घेणाऱ्याची जबाबदारी तशीच राहते, वसुली चालूच राहते. ‘वेव्हर’ म्हणजे खरंच सोडून दिलं. बातमी येते ‘बड्या उद्योगपतींना हजारो कोटींची माफी’, मग शेतकरी म्हणतो आमचं का नाही, आणि त्याचं चुकतं असं कोण म्हणेल. राइट ऑफ केलेल्या कर्जातून वसुली किती कमी होते यावर जरूर झोडा, त्यात झोडण्यासारखं पुष्कळ आहे, पण मग नेमकं ते लिहा ना. ‘निर्लेखन’ म्हणून शब्द आहे, जड वाटत असेल तर सरळ ‘खात्यातून काढलं, वसुली बाकी’ लिहा. शेतकऱ्यांच्या बाबतीत तर मराठीत हा वाद आधीच लढून झालाय. शेतकरी संघटनेची माणसं कित्येक वर्षं सांगत होती की माफी गुन्हेगाराला देतात, आम्ही काय गुन्हा केला, आम्हाला कर्जमुक्ती द्या. २००८ च्या बजेटमध्ये चिदंबरम यांनी ६०,००० कोटींची योजना आणली तिचं इंग्रजी नाव वेव्हर, मराठी पेपरांत ती कर्जमाफी. पुढे २०१९ मध्ये महाराष्ट्र सरकारने जोतिराव फुल्यांच्या नावाने योजना काढली तिच्या नावात ‘कर्जमुक्ती’ आलं. सरकारला सुचलं, पेपर अजून तिथेच आहेत.

मध्येच एक सांगायचं राहील. इथलं ख्रिश्चन कॉलेज १८८७ चं, कॅनडाच्या प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांनी काढलेलं. त्या पंथाच्या रोजच्या प्रार्थनेत पापं माफ कर म्हणायच्या ठिकाणी ‘आमची ऋणं’ म्हणतात, अँग्लिकन लोक त्याच जागी वेगळा शब्द म्हणतात, ‘ट्रेसपास’, म्हणजे मर्यादा ओलांडणं. मराठी बायबलात पण तिथे ऋण सोडणंच आहे. हे मला आवडतं. ऋण सोडणं. त्यात देणाऱ्याच्या खिशातून काहीतरी जातं हे लगेच दिसतं.

आणि प्रॉपर्टी टॅक्स! दर लोक अदालतीच्या आधी बातमी येते, ‘मालमत्ता कर माफ’. आमच्या मागच्या गल्लीतले एक निवृत्त मास्तर अशी बातमी वाचून झोन ऑफिसला खाली हातच गेले, फक्त पावतीचं जुनं पुस्तक घेऊन, म्हणाले माफ झालाय तर शिक्का मारून द्या. भर उन्हात लाइनीत उभे राहिले, खिडकीवरचा मुलगा म्हणाला, अंकल, अधिभार में छूट है, टॅक्स तो भरना पड़ेगा, वो भी आज की तारीख में. पैसे घ्यायला घरी आले आणि परत जाईपर्यंत खिडकी बंद. मूळ कर भरावाच लागतो, त्याच्यावर चढलेल्या अधिभारात सूट असते, ती पण रकमेप्रमाणे कमी जास्त, आणि तारीख गेली की संपलं. चुकलं कोणाचं, मास्तरांचं का बातमीचं?

तारखेवरून आठवलं. एमनेस्टी, म्हणजे सरसकट जाहीर केलेली सरकारी माफी, या शब्दाचं मूळ ग्रीक, विसरून जाणे असा अर्थ, स्मृती जाते त्या एम्नेशियाचा सख्खा भाऊ. १ नोव्हेंबर १८५८ ला राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला त्यात बंडवाल्यांना बिनशर्त पार्डन, एमनेस्टी आणि ऑब्लिव्हियन असं तिन्ही देऊ केलं होतं, म्हणजे क्षमा पण, विसर पण आणि गुन्ह्याचं नावनिशाण पण नको. एवढं ऐकून कोणाला वाटेल केवढं मोठं मन. खालच्या अटी वाचा मग. इंग्रज प्रजेच्या खुनात ज्यांनी थेट भाग घेतला त्यांना नाही, बंडाचे जे पुढारी त्यांना फक्त जीवाची हमी, आणि बाकीच्यांनी १ जानेवारी १८५९ च्या आत घरी परतायचं. तात्या टोपे एप्रिलमध्ये पकडले गेले, तारीख उलटून गेलेली. १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीला फाशी. आणि आमच्या इंदूरच्या रेसिडेन्सीवर १ जुलै १८५७ ला हल्ला करणारे सआदत खान, त्यांना तर १८७४ मध्ये पकडून इथेच फाशी दिली, बंड विझून पंधरा वर्षं झाल्यावर. विसरून जाण्याचं वचन दिलेलं सरकार काहीच विसरलं नव्हतं! म्हणून म्हणते, एमनेस्टीची बातमी असली की ती कोणाला नाही आणि कुठल्या तारखेपर्यंत हे पहिल्या दोन ओळीत आलंच पाहिजे, मग ते बंड असो नाहीतर टॅक्स.

तुमची फक्त टीकाच करतेय असं नको, मराठीने एक शब्द फार छान केलाय, माफीचा साक्षीदार. हिंदीवाले सरकारी गवाह म्हणतात, त्यात काहीच कळत नाही. माफीचा साक्षीदार म्हटलं की सौदा समोर दिसतो, सगळं खरं खरं सांग मग तुला माफी, काही लपवलंस तर माफी गेली आणि तुझ्यावरच खटला. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेद संपल्यावर डेस्मंड टुटू यांच्या अध्यक्षतेखाली जो सत्य आणि समेट आयोग बसला त्याचा पण पाया हाच होता, राजकीय कारणाने केलेलं सगळं उघड सांगा, तरच एमनेस्टी. सात हजारांवर अर्ज आले आणि बहुतेक फेटाळले गेले. आपल्याकडे बातम्यांत मात्र ‘आफ्रिकेने सगळ्यांना माफ केलं’ असं गोड करून येतं.

दुसरी बाजू म्हणजे मागणाऱ्यांची. रिग्रेट आणि अपॉलॉजी. एप्रिल २०१९ मध्ये जालियनवाला बागेला शंभर वर्षं व्हायच्या तीन दिवस आधी थेरेसा मे पार्लमेंटमध्ये म्हणाल्या की झाल्याचा आम्हाला अतिशय खेद आहे. खेद. माफी त्यांनी मागितली नाही, जाणूनबुजून मागितली नाही, एकेक शब्द तोलून लिहिलेलं भाषण होतं ते. याउलट १९१४ च्या कोमागाटा मारू जहाजाबद्दल जस्टिन ट्रुडो १८ मे २०१६ ला कॅनडाच्या पार्लमेंटमध्ये उभे राहून सरळ माफी मागून मोकळे झाले. या दोन्हीला ‘माफी’ लिहिलं तर पहिल्यांना फुकटचं श्रेय मिळतं. आपले पुढारी पण आता हे शिकलेत, ‘कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगीर आहे’, म्हणजे चूक माझी नाहीच, तुमच्या भावनाच नाजूक! आणि तुम्ही वर छापता, ‘अखेर माफी मागितली’. कुठे मागितली?

माफीच्या साइजबद्दल पण बोलते आता सुरुवात केलीच आहे तर. एप्रिल २०२४ मध्ये पतंजलीच्या जाहिरातींच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने विचारलं होतं की तुमचा पेपरातला माफीनामा तुमच्या जाहिरातींएवढाच मोठा आहे का, तेव्हा सगळ्या पेपरांनी चवीने छापलं. तुमची स्वतःची दिलगिरी कुठे असते? आतल्या पानावर, खाली, राशिभविष्य आणि शब्दकोड्याच्या मध्ये, भिंग घेऊन शोधावी लागते.

‘कंडोन’ हा आणखी एक. उशीर झाला तर विलंब माफीचा अर्ज, इथे माफी ठीक चालते, रोजचं आहे. पण नवरा बायकोच्या केसमध्ये कंडोनेशन आलं की जपून. दास्ताने विरुद्ध दास्ताने, १९७५, न्यायमूर्ती य. वि. चंद्रचूड, म्हणजे मराठी माणसांच्या घरातलंच भांडण आणि निकाल लिहिणारे पण मराठी. कोर्टाने मान्य केलं की बायकोच्या बाजूने छळ झाला, पण त्यानंतर दोघं नवरा बायको म्हणून एकत्र राहिले म्हणजे ते कंडोन झालं, न्यायिक विभक्ती (घटस्फोट न होता कोर्टाच्या आदेशाने वेगळं राहणं) नाही. त्यासाठी दोन गोष्टी लागतात असं लिहिलंय, एक क्षमा आणि दुसरी म्हणजे त्या माणसाला पूर्वीच्या जागी परत बसवणं. तीही अटीवर, पुन्हा तसंच वागला तर जुनं सगळं उकरून काढता येतं. इंग्रजी बोलचालीत कंडोन म्हणजे चुकीकडे कानाडोळा करणं, हिंसेचं समर्थन करणार नाही अशा अर्थाने पुढारी वापरतात, आणि त्याचं मराठी ‘आम्ही हिंसा माफ करणार नाही’ असं छापलेलं मी वाचलंय. हिंसा माफ करायला हे कोण?

आणि जिथे माफी नाहीच तिथलं सांगायचं तर तुमच्या गुन्हे वार्तेत एकच शब्द, ‘पूर्ववैमनस्यातून’. अहो मराठीत डूख आहे, अढी आहे, आकस आहे, दावा आहे, खुन्नस आहे, प्रत्येकाची जात वेगळी. अढी मनातल्या मनात राहते, तिने कोणी चाकू काढत नाही. डूख धरणारा वाट बघतो. पाण्याच्या मोटरवरून चार दिवसांपूर्वी भांडले आणि डोक्यात रॉड घातला, याला काय पूर्ववैमनस्य म्हणायचं? इंग्रजी पेपर तरी ग्रज आणि रिव्हेंज वेगळे लिहितात. कोर्टाच्या भाषेतही न देण्याचे प्रकार असतात, काही खटल्यांत सुप्रीम कोर्ट स्पष्ट लिहितं की अमुक वर्षं किंवा मरेपर्यंत, रेमिशनशिवाय. २००८ पासून हे सुरू झालं, २०१५ मध्ये घटनापीठाने बहुमताने त्यावर शिक्का मारला. बातमीत मात्र नुसतं ‘जन्मठेप’, आणि लोक चौदा वर्षं मोजायला बसतात.

रोजच्या बोलण्यातली माफी मी यात धरत नाहीये, दारावर आलेल्याला ‘माफ करा बाबा, पुढे व्हा’ म्हणतो तसं, किंवा इथे पर्युषणानंतर जैन मित्रमंडळींचे मिच्छामि दुक्कडमचे मेसेज येतात, आमचा कापडवाला तर दरवर्षी न चुकता फोन करतो आणि त्याच फोनवर उधारीची पण आठवण करून देतो. ते चालू द्या, त्यात कोणाचं नुकसान नाही.

माझी मागणी छोटी आहे. जेल आणि कोर्टाच्या बातमीत सूट, निलंबन, सौम्य आणि क्षमा हे चार शब्द वेगळे ठेवा, डेस्कवर नवीन मुलं असतील तर चिठ्ठी चिकटवा. बँकेच्या बातमीत वसुली चालू आहे का बंद ते लिहा. आणि आमच्या इंदूर आवृत्तीत पुढच्या लोक अदालतीची बातमी येईल तेव्हा कृपा करून ‘अधिभारात सूट’ असं लिहा, किती रकमेपर्यंत किती टक्के, कोणती तारीख, खिडकी किती वाजेपर्यंत उघडी, आणि येताना मूळ कराचे पैसे बरोबर आणायचे.

आपली वाचक,
रामबाग, इंदूर